जागचं न हललेलं घर

सगळं शहर मामांच्या घराकडे सरकत होतं. निदान यंत्राचं म्हणणं तरी तसंच होतं.

टेकडीच्या उतारावरच्या त्या घराच्या गच्चीवर ती बसली होती. मांडीवर लॅपटॉप, शेजारी तिपाईवर उपग्रहांशी बोलणारं तिचं यंत्र. मोठ्या भूकंपानंतर जमीन कुठे किती सरकली, हे मोजणं तिचं काम. गच्चीसमोर खाली पसरलेल्या शहरात तिने खुणा ठोकल्या होत्या. एक पुलाच्या कठड्यावर, एक दवाखान्याच्या पायरीवर, एक शाळेच्या आवारात, अशा कितीतरी. प्रत्येक खूण या गच्चीपासून किती लांब, ते रोज बघायचं. आणि आज बघते तर काय, पूल बोटभर जवळ आलेला. दवाखाना बोटभर. शाळाही बोटभरच. कालही हेच, परवाही हेच.

तिचं डोकं चालेना. दोन खंड एकमेकांना रेटत असलेला हा मुलूख. इथली जमीन कुठे दबते, कुठे उचलली जाते, कुठे फाटते. कवायतीला निघाल्यासारखी ती सगळी मिळून एकाच मापाने कशी सरकेल? तिने वायरी काढून पुन्हा लावल्या, यंत्राला चार शिव्या घातल्या. यंत्र ढिम्म.

"ठके, जेवायला ये! तुझं ते डबडं कुठे पळून नाही जात," मामी जिन्यातून ओरडली.

खाली पाय ठेवायला जागा नव्हती. शहरात धड भिंत उरली नव्हती आणि मामांच्या घराला मात्र साधा ओरखडा नाही. त्यामुळे अर्धी गल्ली इथेच मुक्कामाला आली होती. शिंप्याने व्हरांड्यात मशीन मांडलं होतं, ओली बाळंतीण मामांच्या खोलीत होती, पोरं जिन्यावर. पाहुणा जरा रेंगाळला तरी एरवी मामांच्या कपाळाला आठी पडायची. तेच मामा आता कमरेवर हात ठेवून ज्याला त्याला सांगत होते, "बिनधास्त राहा हो! अख्खं शहर हललं, पण आपलं घर तसूभर हललं नाही. विचारा आमच्या भाचीला, तिनं मोजलंय!"

आणि खरंच, तिने तसं सांगितलं होतं. ज्या जागेवरून मोजायचं ती स्थिर आहे असं धरूनच चालावं लागतं. एरवी लांबच्या केंद्राकडून त्याचा पडताळा मिळतो, पण भूकंपापासून ती लाइन बंद होती. आणि लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या ज्या गच्चीवर गेल्या, तिच्याहून पक्की जागा तिला तरी कुठली सुचणार?

तिचा घास हातातच राहिला. एवढ्या खुणा मिळून एकाच मापाचं खोटं बोलतील कशाला? खोटं बोलणारा एकटाच असेल तर?

ती ताटावरून उठली. यंत्र दवाखान्याच्या आवारात नेऊन मांडलं आणि तिथून उलटं मोजायला घेतलं. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सांगावं तर काय सांगावं, अजून तिचं तिलाच नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. पूल जागेवर. शाळा जागेवर. मामांचं घर तेवढं बोटभर खाली आलेलं.

मामा-मामींना तिने स्वयंपाकघरात गाठलं. "मामा, घर रिकामं करा. आजच्या आज."

मामा हसले. "ऊन लागलं का गं तुला?"

"घरामागे टेकडीत जमीन फाटलीय. भूकंपात सरकली ती अजून थांबलेली नाही. फाटलेला अख्खा तुकडा उतारावरून खाली येतोय, आपल्या घरासकट. सगळंच्या सगळं एकदम चाललंय, म्हणून तर भिंती फाटल्या नाहीत."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, घर हललं नाही म्हणून!"

"घरावर बसूनच मोजत होते मी, मामा. चुकले." तिला मान वर करवेना.

मामी वैतागली. "एक काय ते नक्की सांग बाई. आमची मतीच गुंग झालीय."

मामा बोटांवर हिशेब करू लागले. "थांब, मला समजू दे. ज्यांची घरं फाटली, ती जागेवर. आणि आपलं धडधाकट, ते चाललंय?"

"हो."

"पडणार कधी?"

"ते नाही सांगता येत. उद्या उतार सुटेल, वर्षाने सुटेल. कदाचित आपोआप थांबेलही."

"आणि एवढ्यावर त्या बाळंतिणीला उठवून मी मैदानात नेऊन झोपवू?"

ती रडवेली झाली. "न्यायलाच हवं, मामा."

मामा उठले. बाहेर गेले. घराभोवती त्यांनी एक फेरी मारली, भिंतीवरून तळहात फिरवत, कोपऱ्याकोपऱ्याशी वाकून बघत. मग पायरीवर येऊन उभे राहिले. काहीतरी बिनसलंय हे ओळखून शिंप्याने मशीन थांबवलं, आणि एकेक करत सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या.

 मागे उभ्या असलेल्या भाचीकडे वळून मामा हळूच म्हणाले, "एखादा तरी तडा जायला हवा होता गं. आता यांना मी दाखवू काय?"