पाणी न घालता

"हां, पाणी घालायचं नाही!" कावेरीने वडिलांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "कांद्याला मीठ चोळा आणि दहा मिनिटं थांबा. आईची खेकडा भजी अशीच व्हायची."

"दहा मिनिटं करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

आली पंचाईत. तिच्या लग्नाला दिगंबरराव हट्टाने गेले नव्हते. चार वर्षांनी ती आज पहिल्यांदा घरी आली होती, आणि बोलणं टळावं म्हणून तर त्यांनी भज्यांचा घाट घातला होता.

पहिलं मिनिट. परातीतला कांदा कोरडा ठणठणीत.

तिसरं. "गुडघा कसा आहे?"

"आहे."

पाचवं. कांद्याच्या कडेला काहीतरी चमकलं.

आठवं. त्यांनी परात कलती केली. पाणी! चांगलं ओंजळभर पाणी, आणि कुणी एक थेंबही घातला नव्हता. चाळीस वर्षं ही भजी खाल्ली, पण त्यांच्याच घरात असं काही घडत होतं याचा त्यांना पत्ता नव्हता.

"अगं, हे आलं कुठून?"

"कांद्यातच होतं, बाबा. तुम्ही लगेच तांब्या उचलता."

ते देवळात उभे असावेत तसे परातीकडे बघत राहिले.

दहावं.

"कावे," ते परातीलाच म्हणाले, "मी लग्नाला यायला हवं होतं."

बेसनाचा डबा उघडता उघडता ती थांबली. नाक ओढलं. मग डबा तसाच ठेवून खिडकीशी गेली आणि खाली वाकून कुणाला तरी हात केला.

"आणखी दोन कांदे चिरा," ती म्हणाली. "तुमचा जावई तासभर खाली गाडीत बसलाय."