शुद्ध बोला

"गुन्हा तुम्ही केलात साहेब, आणि शिक्षा भोगतोय ललित."

खुर्चीवर न बसताच शैला हे बोलून गेली. स्पीच थेरपी शिकणारी दुसऱ्या वर्षाची पोरगी. तिचे प्रॅक्टिकलचे गुण याच साहेबांच्या हातात. शहाण्या माणसाने अशा वेळी पाय धरावेत. हिने गचांडी धरली.

साहेब नुसते हसले. द्वारका चौकाजवळच्या त्या वाचा-उपचार केंद्रात त्यांच्या शब्दावर कुणाचा शब्द नव्हता. बोलणं असं, की प्रत्येक अक्षर इस्त्री करून बाहेर यायचं. मुलांच्या आया त्यांच्यासमोर अंग चोरून बसायच्या. आज ते ललितचं नाव काढून टाकणार होते. पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा, जूनपासून येतोय, तोंडातून शब्द नाही. जागा अडवून काय उपयोग? २००२ साल होतं. इथलं नाव गेलं, की ललितच्या आईबापांना ठोठावायला दुसरं दार माहीत नव्हतं.

जूनपासून शैलाच त्याला शिकवत होती. शिकवत कसली, चित्रांचे पत्ते पिसत होती. सफरचंद, चेंडू, विमान. ललित प्रत्येक पत्ता उलटा करायचा, मागची कोरी बाजू बघायचा आणि खूश व्हायचा. त्याची आई कलाबाई कोपऱ्यात मुकाट बसून असायची. घरी त्याच्याशी भरपूर बोला, असं शैला दरवेळी सांगायची. कलाबाई मान हलवायची. साहेबांनी निकाल देऊन टाकला होता, आईच थंड आहे. शैलानेही तो खरा मानला.

दसऱ्यानंतर ती एकलहऱ्याला त्यांच्या घरी गेली. ललितचे वडील हिरामण तिथे वीज केंद्रात कामाला होते. जिन्यातच तिला एका बाईचा आवाज ऐकू आला. सटाण्याकडची खणखणीत अहिराणी. बाई शेजारच्या कुसाबाईला आपल्या भावजयीची नक्कल करून दाखवत होती, मधेच मांजराला शिव्या घालत होती, आणि हसून हसून कुसाबाईला ठसका लागला होता. शैला वर पोचली. दार उघडंच होतं. बोलणारी बाई म्हणजे ती थंड कलाबाई.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ललित आला. कलाबाईने तोंड मिटलं. तिने त्याला हाताने बसायला खुणावलं, खुणेनेच भाकर पुढे केली. कुसाबाईसुद्धा गप्प झाली, जणू घरात कुणी पोथी वाचत होतं.

शैलाने तिला बाहेर नेऊन विचारलं. कलाबाई आधी लाजली, मग कुजबुजली.

"साहेबनी सांगं, पोऱ्यासमोर शुद्धच बोला. माले शुद्ध येत नई. मंग मी बोलनंच सोडी दिधं."

ललित तीन वर्षांचा असताना, पहिल्यांदा तपासायला आणला तेव्हा, साहेबांनी हे सांगितलं होतं. तेव्हापासून हे चाललं होतं. या घरात डॉक्टरांच्या सांगण्याला व्रताचा मान. एकादशी मोडेल, साहेबांचं पथ्य मोडणार नाही. हिरामणला मीठ हवं असलं तरी तो बोट दाखवायचा. पोरगा बोलत नाही म्हणून पथ्य, आणि पथ्यापायी घरात पोराच्या कानावर शब्द नाही.

शैलाला हसूही आलं आणि संतापही. तिने पत्ते पिशवीत कोंबले आणि फर्मावलं, उपास आज सुटला. मांजराशी बोलता तसं याच्याशी बोला.

कलाबाई जी सुरू झाली ती थांबेना. पीठ मळताना बोलायची, त्याला अंघोळ घालताना बोलायची, बसमध्ये बोलायची. हिरामणने हात जोडले. ललित मात्र टक लावून तिच्या ओठांकडे बघू लागला. शैलाने एक गोष्ट बजावली होती, विचारलं की थांबायचं, उत्तर आपण द्यायचं नाही. कलाबाईला सगळ्यात जड गेलं ते हे. एके दिवशी गुळाचा डबा दाखवून तिने विचारलं, जोयजे का? हवाय का? आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ललित म्हणाला, जोयजे.

केंद्रात आला की मात्र पुन्हा कुलूप.

आज साहेबांनी शैलाकडून हे सगळं ऐकून घेतलं. घरातले चमत्कार इथे मोजत नाहीत, म्हणाले. आणा त्याला, माझ्यासमोर बोलू द्या. बोलला तर नाव राहील.

कलाबाई ललितला घेऊन आत आली, ती त्याला पंख्याची आणि गुळगुळीत फरशीची हकीकत सांगतच. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ललित सरळ टेबलाकडे गेला. तिथे काचेचा पेपरवेट होता, आत रंगीत फुलं. त्याने हात लांब केला. साहेबांनी पेपरवेट मुठीत झाकला.

काय पाहिजे, बाळ? तुला काय पाहिजे? ललितने मूठ पाहिली, मग भिंत पाहिली. मागून कलाबाई पुटपुटत होती, सांग रे मना राजा, सांग. ते पुटपुटणं बराच वेळ साहेबांच्या कानावर पडत होतं. ते खुर्चीतून उठले, पोरासमोर उकिडवे बसले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुले जोयजे का रे, भाऊ?"

"जोयजे," ललित म्हणाला.

पेपरवेट त्याच्या हातात आला. तो तिथेच फरशीवर बसून त्याला भिंगरीसारखा फिरवू लागला. त्याचं नाव राहिलं, हे शैलाला कळलं. पण ती साहेबांकडे बघत होती. साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कलाबाई त्यांना निरखत राहिली, बाजारात अवचित माहेरचं माणूस दिसावं तशी. मग तिने खुर्ची ओढली आणि कुणाला न विचारता ऐसपैस बसली.

"आते सांगा साहेब. तुमनी माय तुमनासंगे कोनती भाषामा बोले?"