पहिल्या आठ दिवसांचा शेवट

"पहिल्या आठवड्यात हा सिनेमा पाहिलेलं माणूस शोधतेय," ऋतुजा म्हणाली. "गल्लीत तुमचंच घर दाखवलं."

"मी न्हाय, माझ्या बायकोनं पाहिला. काशम्मानं," बसवराज म्हणाले. "ती आता न्हाय."

ऋतुजा पुण्याहून आली होती. जुन्या चित्रपटांवर काम करायची. गाजलेल्या नाटकावरून काढलेला तो सिनेमा चाळीस वर्षांपूर्वी सगळ्यात आधी सोलापुरात लागला होता. आठच दिवसांनी निर्मात्याने शेवट बदलला आणि आधीची रिळं नाहीशी झाली. परवा बंद थिएटरच्या अडगळीत ती सापडली.

"उद्या अकराला कॉलेजात दाखवतोय. याल?"

"येतो की."

बसवराजनी तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. पण त्यातली बायको नवऱ्याचं घर सोडून जाते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काशम्मा गुरुवारी तो पाहून आली आणि रविवारी अक्कलकोटला माहेरी निघून गेली, ती कायमचीच. 'सिनेमानं डोकं फिरवलं तिचं,' बसवराज ज्याला त्याला सांगत. लोक मान डोलवत. हळूहळू लोकही यायचे थांबले. चार वर्षांपूर्वी काशम्मा वारली, त्याचा निरोपसुद्धा तिसऱ्या दिवशी मिळाला.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला. स्वतः थापलेली भाकरी अर्धी तशीच ठेवली. जिनं आपलं घर मोडलं, ती सिनेमातली बाई एकदा डोळ्यांनी बघायची होती.

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. बसवराज मागे, एकटेच बसले.

शेवटी पडद्यावर ती बाई पिशवी घेऊन दारात आली. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण बाई पायरी उतरेना. पाठमोरी उभीच राहिली. आत नवरा पानाला चुना लावत होता. त्यानं मान वर केली.

"जाऊ नकोस गं," एवढंच म्हणाला.

तिनं पिशवी खाली ठेवली. हॉलमधले दिवे लागले.

"नाटकात ती जाते, म्हणून नंतर सिनेमातही तसंच केलं," ऋतुजा त्यांच्याजवळ येऊन म्हणाली. "पण तुमच्या मिसेसनी पाहिला तो हा शेवट. घरी येऊन काही बोलल्या होत्या?"

"न्हाय," बसवराज म्हणाले.

त्या रविवारी काशम्मा पिशवी घेऊन दारात बराच वेळ पाठमोरी उभी होती, आणि ते पेपर वाचत बसले होते.