चुकीची डिस्क

मंचरला गोरखच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला हार्डडिस्कचा खण आहे. एक डिस्क ओढून काढायची, दुसरी सरकवायची. लग्नांची डिस्क वेगळी, यात्रेतल्या बैलगाडा शर्यतींची वेगळी.

लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडायला भिमाजीअण्णा मुलगा सूरज आणि नवी सून समृद्धी यांना घेऊन आले, आणि गोरखनं गडबडीत शर्यतीची डिस्क सरकवली. पडद्यावर गेल्या वर्षीच्या यात्रेतला शर्यतीचा घाट आला, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी.

“चुकलं अण्णा, बदलतो,” म्हणत गोरखनं खणाला हात घातला.

“राहू दे राव. आपल्या बैलांची बारी हाय ही.” अण्णा खुर्ची पुढं ओढून बसले. “बघ, समदा घाट कसा आपल्या बैलांकडं बघतोय.”

“डिस्क बदला भाऊ, उशीर व्हतोय,” सूरज म्हणाला. समृद्धी एकाएकी भिंतीवरच्या फ्रेमा न्याहाळायला लागली.

अण्णांनी चष्मा पुसला. गर्दीतल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं.



“हितं तुमी दोघंच तेवढं एकमेकांकडं बघताय. मग सूरज, कांदेपोह्याच्या दिवशी हिला ‘नाव काय’ म्हून कशापायी इचारलंस?”