बिनपाण्याची झुडपं

"कर आता बाग," म्हणत नवऱ्याने अंगणातल्या नळाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

कारण एवढंच, की गुलाबांना पाणी घालताना बायकोने त्याच्या हाकेला ओ दिली नव्हती. तो पाणीपुरवठ्यातून मीटर-तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. लोकांचं पाणी तोडण्यात उभी नोकरी गेली. आता हाताशी बायकोच उरली होती.

आठवड्याभरात गुलाब माना टाकून बसले. तिच्या पगारातून बांधलेल्या घराच्या पडवीत खुर्ची टाकून तो बघत राहायचा. रडेल, किल्ली मागेल. पण ती तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. रडायची सवय तिथेच मोडली होती. तिने गुलाब मुळासकट उपटले, मातीत मुरूम आणि वाळू कालवली आणि कण्हेर, तरवड, बोगनवेल लावली.

"ही झुडपं? रस्त्याच्या दुभाजकात लावतात ही!"

"हो. तिथेही त्यांना कुणी विचारत नाही."

पहिलं वर्ष जड गेलं. मुळं धरेपर्यंत पाणी लागतंच. भाजी धुतलेलं पाणी ती बादलीत साठवायची, तांब्या-तांब्याने बुंध्याशी घालायची आणि ओल टिकावी म्हणून वर वाळका पाला पसरायची. एकदा त्याने भरलेली बादली पायाने लवंडली.

"चुकून लागला हो पाय," तो हसत म्हणाला.

तिने रिकामी बादली उचलली आणि आत गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात झुडपांना थेंबही लागेना. दिवसभर ऊन तापायचं आणि तरवड पिवळीधमक, बोगनवेल लालभडक. जाणारे-येणारे फाटकाशी थांबायचे. त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. किल्ली खिशातच होती, पण तिला आता कुणी विचारत नव्हतं.

मग अचानक बायको नरमली. त्याच्यासाठी कपड्यांचे चार नवे जोड आणले. डोळे तपासून नवा चष्मा करून दिला. डॉक्टरांकडे नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या.

"आली वठणीवर," तो मनात म्हणाला.

पण ती मुलीशी फोनवर हळू आवाजात बोलू लागली, आणि एका सकाळी दाराशी मोठी बॅग दिसली तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हा लाड निरोपाचा होता तर! जीभ मात्र आवरेना.

मुलगी गाडी घेऊन आली. बायकोने बॅग स्वतः उचलून डिकीत ठेवली.

"चाललीस? खुशाल जा. घरातली काडी नेऊ देणार नाही. आणि तुझी पाठ वळली, की ही झुडपं एकूणएक उपटून फाटकाबाहेर फेकतो!"

हात पुसत पायऱ्या चढून बायको उंबरठ्यात येऊन उभी राहिली.

मुलीने गाडीचं दार उघडून धरलं.

"बाबा, चपला घाला. तिथे जेवण बाराला वाढतात, उशीर झालेला चालत नाही. पलंग तुम्हाला खिडकीजवळचा मागून घेतलाय."