अर्जातला शेवटचा रकाना

कासवाच्या पिल्लासाठी मी अंगणात बीळ म्हणून कुंडी आडवी करून अर्धी पुरली, तोंड उत्तरेकडे ठेवलं, म्हणजे टूसॉनचं वाळवंटी ऊन आत शिरणार नाही. कासवं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई बघून खूश झाल्या, मग अर्जाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “तुमच्यानंतर कोण सांभाळणार?” लिंबाएवढं पिल्लू, पण ऐंशी वर्षं जगणार, मी आत्ताच सत्तरीची. मी मुलाचं, एफ्राइनचं नाव लिहिलं. तो शेजारीच उभा होता, भडकला. “आई, मला विचारलंस तरी? उद्या फिनिक्सला राहायला गेलो तर हे लोढणं गळ्यात बांधून फिरू?” माझं टाळकंच सटकलं. “तू पोटात असताना तुझा बाप फिनिक्सला गेला तो गेलाच. तेव्हा मला कुणी रकाना दिला होता रे?” बाई कुंडीत बघत राहिल्या. एफ्राइनने इतकी दाबून सही केली की कागद फाटला. “नवा द्या,” तो बाईंवर गुरगुरला.