बंदुकीचं दुपटं

मुंजाबा खांद्यावर बंदूक टाकून शहागंजातल्या पेढीवर पहाऱ्याला निघाला, की गल्लीतली दारं एकेक करून मिटायची. पोलिस ॲक्शनला सहा वर्षं उलटली होती. पण त्या धामधुमीत समोरच्या भागूबाईचा लेक गोळीनं गेला होता. “बंदूक सोडा, नाय तर गल्ली,” ती म्हणाली. पण बंदुकीवरच मुंजाबाच्या घरची चूल पेटायची. मुंजाबाची बायको बानाबाई तान्ह्याला कडेवर घेऊन दारोदार मऊ, जुनी लुगडी मागत फिरली. “लेकराच्या दुपट्याला व्हय गं?” “नाय मावशी, ह्यांच्या बंदुकीला!” बायका हसल्या नि तुकडे मिळाले. भागूबाईनं मात्र दार लावलं. सकाळी धुक्यातून बंदूक ठिगळांच्या दुपट्यात गुरफटून तरंगत निघाली. भागूबाईचं दार उघडलं. तिच्या हातात लेकाच्या कुंचीचा हिरवा बंद होता. तो तिनं नळीच्या तोंडाशी बांधला नि थोपटलं. “हळू ने रे बाबा. आत्ताच निजलंय.”